फ्रंट लोड मशीन घरघरतंय: बेअरिंग, अख्खा टब की नवं मशीन?

द्राक्षवेल:
मंडळी, सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे मागाहून "मशीन कुठलं, पाणी कुठलं" असं विचारायला नको.

सात किलोचं फ्रंट लोड, वय सात वर्षांच्या पुढे. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. सोसायटीच्या टाकीत पालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्र पडतं, मार्चनंतर बोअरचंच जास्त. गेल्या पावसाळ्यापासून पिळताना घर्र असा आवाज येतो आणि तो वाढत चाललाय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलंच, की सकाळी सकाळी पिठाची गिरणी लावता का म्हणून. कपडे मात्र स्वच्छ निघतात. गळती नाही, एरर नाही.

कंपनीचा माणूस येऊन गेला. ड्रम हाताने फिरवला आणि म्हणाला बेअरिंग गेलंय. बरं, मग बदला. तर म्हणे बेअरिंग सुटं येत नाही, टब असेंब्ली म्हणजे अख्खा टबच बदलावा लागेल. त्याचा आकडा नव्या मशीनच्या निम्म्याहून थोडा जास्त. मी म्हटलं, अहो दारावर एवढं मोठं स्टिकर आहे, दहा वर्षांची वॉरंटी. तो म्हणाला, मॅडम ती मोटरची, आणि मोटर एकदम ओके आहे. यावर काय बोलणार!

घरात तीन मतं पडलीत. नवरा म्हणतो नवीन घेऊ, सासूबाई म्हणतात सेमी (सेमी-ऑटोमॅटिक) घ्या, मला वाटतं एका बेअरिंगपायी चालतं मशीन भंगारात का घालायचं. नाशिकमध्ये कुणी सुटं बेअरिंग बदलून घेतलंय का? टिकलं का? (दुकानांचे फोन नंबर इथे टाकू नका, धागा उडतो.)

गोदाकाठचा:
सासूबाईंचं ऐका. सेमीला काही होत नाही. आमच्या आईचं सेमी अजून चालू आहे. कंपनी बुडाली, मशीन नाही बुडालं.

निवृत्त फिटर:
ताई, त्या मुलाचं निदान बहुधा बरोबर आहे, पण स्वतः खात्री करून घ्या. प्लग काढा. रिकामा ड्रम फिरवा, खरखर हाताला जाणवते. मग दार उघडून ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर-खाली हलवा. ड्रम आणि त्याच्या बाहेरचा टब जोडीने हलले तर चिंता नाही, तो सगळा संच स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. टब जागेवर आणि आतला ड्रम एकटा खुळखुळला, तर बेअरिंग संपलं. मागचं झाकण काढता आलं तर मधोमध तपकिरी ओघळ दिसतो का तेही बघा. गंज आणि ग्रीस मिळून तो खाली उतरतो.

ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी झाली माझी, त्यामुळे बेअरिंग या विषयावर मला आवरणं अवघड जातं, सांभाळून घ्या. फ्रंट लोडमध्ये सहसा दोन बेअरिंगं असतात, ड्रमच्या बाजूचं मोठं आणि मागचं लहान. ६२०६ आणि ६२०५ ही जोडी बऱ्याच मशीनांत सापडते. ६२०६ म्हणजे आतला व्यास ३० मिमी, बाहेरचा ६२, रुंदी १६. ६२०५ म्हणजे २५, ५२ आणि १५. ही काही वॉशिंग मशीनसाठी वेगळी घडवलेली नसतात. हीच मापं पंपात, मोटारीत, शेतीच्या अवजारांत चालतात, अंबड-सातपूरला बेअरिंगच्या दुकानात काउंटरवर मिळतात. तेव्हा "सुटं येत नाही" याचा अर्थ कंपनी सुटं देत नाही, एवढाच घ्या.

आणि बेअरिंग आपणहून मरत नाही, त्याला पाणी मारतं. त्याच्या पुढ्यात रबराचं सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात. सील न बदलता नुसतं बेअरिंग बदलणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जोर किती पडतो ते सांगतो. मिनिटाला १२०० फेऱ्या आणि ड्रमची त्रिज्या २४ सेंमी धरली, तर काठावरच्या कपड्यावर गुरुत्वाच्या साधारण ३८५ पट ताण येतो. अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला, की बेअरिंगवर १९० किलोच्या आसपास फिरता ओढा. ८०० फेऱ्यांना तोच ८५ किलो. आपल्याकडच्या उन्हात रोजच्या कपड्यांना ८०० भरपूर झाल्या. १२०० श्रावणापुरत्या ठेवा.

द्राक्षवेल:
काका, करून पाहिलं. ड्रम एकटाच खुळखुळतोय. नवऱ्याने मागचं झाकण काढलं, ओघळ आहे, चांगला वीतभर. म्हणजे निदान पक्कं.

म्हसरूळवाला:
मी हाच धंदा करतो, म्हणून दुकानाचं नाव सांगत नाही. काकांनी सांगितलं ते बरोबर, पण खरी मेख बेअरिंगात नाही, टबात आहे.

टब दोन जातीचे. एक स्क्रूचा: पुढचा आणि मागचा अर्धा भाग कडेने स्क्रूने जोडलेला, मध्ये रबराची दोरी. तो उघडतो, बेअरिंग ठोकून काढतो, नवीन बसवतो, नवीन दोरी, बंद. दुसरा कारखान्यातच वेल्डिंग केलेला. त्याला उघडायची सोय नाही. कंपनीच्या माणसाला तो उघडायची परवानगीही नसते, म्हणून तो असेंब्ली सांगतो. त्या पोराला शिव्या देऊन उपयोग नाही.

वेल्डिंगवाला टब आम्ही काय करतो, तर जोडावरून हॅकसॉने कापतो. कापायच्या आधी कडेने भोकं पाडून ठेवायची, म्हणजे बंद करताना दोन्ही भाग जिथल्या तिथे बसतात. मग बेअरिंग, सील, नंतर सिलिकॉन लावून स्क्रू. सिलिकॉन वाळायला रात्रभर ठेवतो. घाईत त्याच दिवशी जोडून दिलं की दोन महिन्यांत गळतं आणि गिऱ्हाईक म्हणतं बाहेरचे मेकॅनिक चोर. काम कटकटीचं आहे, त्यामुळे मजुरी स्क्रूच्या टबापेक्षा जवळपास दुप्पट घेतो. तरी कंपनीच्या असेंब्लीच्या पुष्कळ खाली बसतं.

पण ताई, टब उघडल्याशिवाय मी कुणालाच पक्का दर सांगत नाही. कारण आत स्पायडर असतो. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा बिडाचा वाटावा असा भाग असतो, तो अ‍ॅल्युमिनियमचा. त्यातूनच दांडा निघतो. तो खाल्लेला निघाला, किंवा दांड्यावर सीलच्या जागी खाच पडलेली निघाली, तर नवीन बेअरिंग घालून काही अर्थ नाही. आवाज येत असताना वर्षभर मशीन वापरलेलं असलं की हे हमखास दिसतं. तुमचं गेल्या पावसाळ्यापासून म्हणताय, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कांदेपोहे:
बापरे. सात वर्षांत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं? कशाने?

पाणीवाला:
याचं उत्तर मी देतो, रसायनशास्त्र शिकवण्यात केस पांढरे केलेत.

दोन गोष्टी आहेत. ड्रम स्टेनलेस स्टीलचा आणि स्पायडर अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, वर क्षारयुक्त ओल. अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं, स्टील वाचतं. दुसरं, धुण्याची पावडर अल्कली असते आणि अल्कलीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. स्पायडरच्या खाचांत न विरघळलेली पावडर, सॉफ्टनर, कपड्यांचा मळ असा चिखल साठतो. धुणं झाल्यावर लगेच दार बंद केलं की तो चिखल दिवसभर ओला राहतो. म्हणजे मशीन बंद असतानाच जास्त झिजतं. दार उघडं ठेवा, पावडरचा कप्पा उघडा ठेवा. याला पैसे पडत नाहीत.

नाशिकच्या पाण्याबद्दल. पालिकेचं पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून येतं. ते पावसाचं साठवलेलं, तुलनेने मऊ. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम सांगतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तुमच्या सोसायटीचं पाणी कुठे बसतं ते तपासून घ्या. पण टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणाऱ्या पेनाने) नाही! ते पेन पाण्यात बुडवून "कठीण पाणी" असं जाहीर करणारे सेल्समन दारोदार हिंडत असतात. टीडीएसमध्ये साधं मीठही मोजलं जातं. कठीणपणासाठी वेगळी पट्टी किंवा थेंबांचा किट मिळतो, तो स्वस्त आहे.

कठीण पाणी तापलं की चुना हीटरवर बसतो. त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी मशीन रिकामं ठेवून शंभरेक ग्रॅम लिंबूसत्व ड्रममध्ये टाकायचं आणि ६० अंशांवर एक फेरी. किराणा दुकानात मिळतं तेच. मात्र त्याच फेरीत ब्लीच कदापि नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडे मशीन बहुतेकांचं बंद बाथरूममध्ये असतं.

मीनाक्षी_देवळाली:
माझी आई पाणी मऊ करायला धुण्याचा सोडा टाकायची, मीही टाकते चमचाभर. ते चालेल का?

पाणीवाला:
कपड्यांना चालेल, पाणी मऊ होतं हे खरं. सोडा पुन्हा अल्कलीच, त्यामुळे फ्रंट लोडच्या अ‍ॅल्युमिनियमला मी तरी देणार नाही. सेमीत टब प्लॅस्टिकचा, तिथे खुशाल टाका.

म्हसरूळवाला:
पावडरचं मी सांगतो. हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडला घालू नका. फेस इतका होतो की मशीनला वाटतं अजून साबण आहे, ते खळबळतच बसतं. वरून तो फेस सगळ्या फटींत जातो. आणि डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मी घ्या. रंगपंचमीनंतर तर माझ्याकडे रांग असते. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून आलेले कपडे, त्यावर डबल पावडर, त्यावर रंग उडवायचं लिक्विड. अरे भाऊ, ते कपडे फेकायचेच असतात.

गोदाकाठचा:
म्हणूनच म्हणतो, सेमी. एवढं शास्त्र लागतच नाही.

सायली_नाशिकरोड:
गोदाकाठचा, एक विचारू? तुमच्या घरी सेमीजवळ उभं कोण राहतं? नळ लावा, बंद करा, कपडे या टबातून त्या टबात टाका, पाणी सोडा, परत भरा, खळबळा, पुन्हा पिळा. तासभर माणूस अडकतो. "सेमीला काही होत नाही" असं सांगणारे बहुतेक ते चालवणारे नसतात. मी सकाळी फ्रंट लोड लावून प्रेसच्या ड्यूटीला निघून जाते.

गोदाकाठचा:
आई लावते... बरं ताई, मुद्दा मान्य. पण टिकण्याचं म्हणाल तर ते टिकतंच.

टीकाकार:
ते टिकलं म्हणून तुम्हाला दिसतंय. त्याच वर्षी विकलेली जी बाकीची सेमी भंगारात गेली, त्यांच्याबद्दल कुणी धागा काढत नाही. शिवाय "काही होत नाही" म्हणजे काय? आईला विचारा, आजवर त्यात काय काय बदललंय.

गोदाकाठचा:
विचारलं. बेल्ट, टायमर, पिळायची मोटर, खालचं रबर दोनदा, आणि बाबांच्या मते "किरकोळ काहीतरी". 😄

म्हसरूळवाला:
हेच तर सेमीचं बळ आहे. बिघडतं, पण प्रत्येक गोष्ट सुटी मिळते आणि कुठलाही मेकॅनिक बसवतो. मोटर हुंकार देते पण फिरत नाही, म्हणजे बहुधा कपॅसिटर. स्वस्तातला पार्ट. पिळायचा टब हळू फिरतो किंवा खाली पाणी सांडतं, तर ड्रायरच्या दांड्याचं रबर. ते वेळेवर बदललं नाही की पाणी थेट मोटरवर पडतं आणि मग मोटर जळते. म्हणजे शंभर-दोनशेच्या रबरापायी हजाराच्या पुढचं काम. टायमर कुठल्याही कंपनीचा कुठल्याही मशीनला जरा खटपट करून बसवता येतो. पत्र्याच्या बॉडीचं सेमी घेऊ नका, खालून सडतं. प्लॅस्टिक घ्या.

टॉप लोड कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. त्यात टब चार दांड्यांवर लटकतो, त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या की मशीन पिळताना नाचतं. दांड्यांचा सेट बदलला की पुन्हा शांत. बेअरिंग बदलायचं कामही फ्रंट लोडपेक्षा सोपं. पाणी मात्र जास्त पितं.

पेठरोड:
सगळे बेअरिंगवर तुटून पडलेत, माझं मशीन मात्र बोर्डाने गेलं. पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पहिल्यांदा पाल आत शिरून चिकटली. दुसऱ्यांदा बिल्डिंगचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला. एकाच रात्री आमच्या जिन्यातली तीन मशीनं, दोन टीव्ही आणि एक फ्रिज गेला. स्टॅबिलायझर लावला असता तर वाचलं असतं का?

निवृत्त फिटर:
न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपासही दाब येऊ शकतो. साधा स्टॅबिलायझर त्यापुढे टिकत नाही. मीटरनंतर व्होल्टेज वाढलं-घटलं की पुरवठा तोडणारं उपकरण बसवतात, ते घ्या. सगळ्या घराला एकच पुरतं. आजकालची इन्व्हर्टर मोटरवाली मशीनं कमी-जास्त व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात, त्यांना स्टॅबिलायझरपेक्षा याची आणि नीट अर्थिंगची गरज जास्त. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग मेकॅनिक.

दहा वर्षांच्या स्टिकरबद्दल माझं मत: ब्रश नसलेल्या मोटरमध्ये झिजायला फारसं काही नसतंच. जे सहसा बिघडत नाही त्याची हमी मोठ्या अक्षरात, आणि सील, बेअरिंग, बोर्ड यांची दोन वर्षं बारीक अक्षरात. खरेदीच्या वेळी मोटरचं काही विचारू नका. टब स्क्रूचा आहे का आणि बेअरिंग-सील पार्ट म्हणून सुटं मिळतं का, हे दोन प्रश्न विचारा. सेल्समनला उत्तर येणार नाही. मग त्याच मॉडेलचा पार्टचा नकाशा नेटवर शोधा, त्यात टबाचे दोन भाग आणि बेअरिंग वेगवेगळ्या नंबरांनी दाखवले असले तर ते उघडतं असं समजा.

पेठरोड:
धन्यवाद काका. बोर्ड मी शेवटी रिपेअर करून घेतला. कंपनी फक्त बदलून देत होती. त्यावर जेलीसारखं काहीतरी ओतलेलं असतं, ते खरवडून रिपेअरवाल्या मुलाने रिले आणि एक निळी चकती बदलली. दीड वर्ष झालं, चालू आहे.

म्हसरूळवाला:
निळी चकती म्हणजे एमओव्ही. जास्तीचं व्होल्टेज आलं की ती स्वतः जळते आणि पुढचं वाचवते. ती जेली ओल आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून ओततात, पण रिपेअरवाल्याचा जीव जातो. मशीनच्या तळाला उंदरांची जाळी लावून घ्या, द्राक्षबागांच्या कडेच्या नव्या स्कीममध्ये तर नक्की.

स्टुटगार्टकर:
मूळचा कॉलेज रोडचा, सध्या जर्मनीत. इथलं सांगतो. युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून नियम आहे, की वॉशिंग मशीनच्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं सुटे भाग उपलब्ध ठेवायचे आणि मागणीनंतर १५ कामाच्या दिवसांत पोचवायचे. मोटर, पंप, शॉकअप, हीटर, बोर्ड यांबरोबर ड्रम, स्पायडर आणि बेअरिंगही यादीत आहे. फ्रान्सने २०२५ च्या एप्रिलपासून वॉशिंग मशीनवर टिकाऊपणाचा गुणांक छापणं सक्तीचं केलंय.

टीकाकार:
वा, म्हणजे तिकडे बेअरिंग सुटं मिळतं?

स्टुटगार्टकर:
गंमत तिथेच आहे. नियमात "सुटं किंवा एकत्र संचात" अशी मुभा आहे. त्यामुळे इथेही बरेच जण वेल्डिंगचा टब अख्खाच विकतात. पार्ट १० वर्षं मिळतो, पण परवडेलच असं नाही. आणि घरी येणाऱ्या मेकॅनिकची मजुरी ऐकलीत तर म्हसरूळच्या भाऊंना हार घालाल.

अ‍ॅडव्होकेट_शरणपूर:
आपल्याकडे सुटे भाग इतकी वर्षं ठेवलेच पाहिजेत असा थेट कायदा अजून नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्यांची सर्व्हिस, वॉरंटी आणि पार्टची माहिती एका जागी मिळते.

द्राक्षवेल यांच्या बाबतीत वॉरंटी संपलेली आहे, त्यामुळे फुकट दुरुस्ती मागता येणार नाही. मात्र "बेअरिंग वेगळं मिळत नाही" हे जॉब शीटवर लेखी मागा. ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी तर तोंडी उत्तरावर कधीच थांबू नये. कंपनीला मेल, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. (हे मी सांगतेय, बघा!)

बदललेला जुना पार्ट परत मागायची सवय लावा. वॉरंटीबाहेर त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात.

कांदेपोहे:
एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) घ्यावी का? मला दर महिन्याला फोन येतो.

म्हसरूळवाला:
कागद वाचा. पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिक आणि रबर वगळलेलं असतं, आणि टब प्लॅस्टिकचाच असतो. गॅस्केट रबराचं. टब-बेअरिंग धरलेलं असलं तर फ्रंट लोडला पाचव्या वर्षानंतर घ्यायला हरकत नाही. नाहीतर तेच पैसे बाजूला टाका.

मीनाक्षी_देवळाली:
द्राक्षवेल, पुढे काय केलंत? आमचंही घरघरायला लागलंय, तुमच्यावर अवलंबून आहे.

द्राक्षवेल:
उशिराबद्दल क्षमस्व, घरी सत्यनारायण होता, सासरची मंडळी होती, धुणं हाताने. सासूबाईंनी सेमीचा विषय चार पाहुण्यांसमोर काढला तेव्हा मी ठरवलंच.

सिडकोतल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे दिलं. दुकानात नेलं आणि नवऱ्याला बसवून टब कापला. वेल्डिंगचाच निघाला. मोठ्या बेअरिंगच्या गोळ्या अक्षरशः लाल झालेल्या, सील कडक झालेलं. आणि म्हसरूळवाले भाऊ म्हणाले तसंच, दांड्यावर खाच. स्पायडरच्या एका हाताला मुळाशी तडा, बाकीचे दोन खड्ड्याखड्ड्यांचे. मेकॅनिक म्हणाला अजून दोन-चार महिन्यांत हा हात तुटून ड्रमने टब फाडला असता.

इथे मी मशीन सोडायच्या बेतात होते. पण स्पायडर दांड्यासकट बाहेरच्या बाजारात मिळाला, त्या मॉडेलचा खपतो म्हणून. दोन्ही बेअरिंगं नवऱ्याने स्वतः अंबडहून पक्क्या बिलाने आणली, काकांनी सांगितलेले नंबर आतल्या बेअरिंगांवर तपासून. सील नवीन. सिलिकॉन वाळायला पूर्ण रात्र ठेवलं, त्याने मागितलेल्या वेळेपेक्षा जास्तच. सगळं मिळून कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आत बसलं. सहा महिन्यांची हमी मेकॅनिकने बिलावर लिहून दिलीये.

आवाज गेला. आता पिळतानाही पंपाचाच आवाज जास्त येतो. काकू खालून विचारून गेल्या, मशीन विकलं का.

निवृत्त फिटर:
उत्तम. पहिले काही आठवडे ८०० च्या वर नेऊ नका, आणि चादर एकटी धुवू नका. एकटी चादर गोळा होते आणि तोल जातो. बरोबर दोन-चार टॉवेल टाका.

टीकाकार:
किती टिकतं ते वर्षाने लिहा. कापलेल्या टबाबद्दल मला अजून शंका आहे.

म्हसरूळवाला:
शंका रास्त आहे. माझ्याकडचे काही पाच वर्षं चाललेत, काही परत आलेत. परत आलेले बहुतेक सिलिकॉनच्या घाईचे किंवा डुप्लिकेट बेअरिंगचे. स्पायडर नवीन पडला हे चांगलं झालं. नुसत्या बेअरिंगवर भागवलं असतं तर मी पैज लावली नसती.

मीनाक्षी_देवळाली:
मी पण टब उघडून बघायला सांगते मग. एक अवांतर: आम्ही दिवाळीनंतर पुण्याला शिफ्ट होतोय. मशीन टेम्पोत उभं न्यायचं की आडवं? दुरुस्त करून प्रवासात पुन्हा बिघडायचं.

म्हसरूळवाला:
उभंच. आणि मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट लावून. नवीन मशीन बसवताना तीन-चार लांब बोल्ट काढून तुमच्या हातात दिले असतील, ते टब पक्का धरून ठेवतात. न लावता नेलं तर घाटात टब आपटून शॉकअप आणि स्प्रिंगा जातात. आधी खालचं फिल्टर उघडून साचलेलं पाणी काढा. तिकडे पोचल्यावर पहिल्या धुण्याआधी बोल्ट आठवणीने काढा, नाहीतर पिळताना मशीन खोलीभर फिरेल.

मीनाक्षी_देवळाली:
बोल्ट सापडत नाहीयेत. सुटे मिळतील?

म्हसरूळवाला:
मॉडेल नंबर सांगून मागा, मिळतात. आणि बोल्ट काढल्यावर त्या भोकांना प्लॅस्टिकची टोपणं लावा. पेठरोडच्या पालीला तेवढी वाट पुरते.